डिकीतली गोल जागा

३ फेब्रुवारी

दादा,

फोन करणार होते. पण फोनवर तू 'हं' म्हणतोस आणि माझं पुढचं वाक्य तिथेच विझतं. कागदावर तुला 'हं' म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

आपली जुनी गाडी आता शिकवायच्या लायकीची राहिली नाही. दुसरा गिअर टाकला की आत्यासारखी कण्हते. हे आत्याचंच वाक्य आहे, माझं नाही. गेल्या आठवड्यात एका शिकाऊ बाईंनी चढावर क्लच सोडला, गाडी मागे जायला लागली आणि माझ्या पायाखालचा जादा ब्रेक नुसताच खाली बसला. हँडब्रेकने वाचलो. त्या बाई उतरून मला म्हणाल्या, "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही, आज गाडी चुकली."

घरी येऊन बाबांना सांगितलं, आता नवी घ्यायची. ते ऐंशीला टेकले आहेत. ड्रायव्हिंग स्कूल माझ्या हातात देऊन त्यांना बरीच वर्षं झाली. तरी गाडी बघायला जायचं म्हटल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला आणि आरशासमोर दोनदा भांग पाडला.

शोरूममधली मुलगी गोड होती. तिने टचस्क्रीन दाखवला, कॅमेरा दाखवला, आपोआप मिटणारे आरसे दाखवले. बाबा हसून मान हलवत राहिले आणि चालत थेट मागे गेले. "डिकी उघड बाळ." डिकी उघडली. स्वच्छ, सपाट, राखाडी गालिचा. कडेच्या कप्प्यात एक छोटा पंप आणि एक बाटली.

"स्टेपनी?"

"सर, नव्या गाड्यांना स्टेपनी येत नाही. पंक्चर झालं तर ही बाटली लावायची. आत फेस जातो, भोक बुजतं, मग पंपाने हवा भरायची."

"आणि टायर बाजूने फाटला तर?"

"हेल्पलाइनला फोन करायचा, सर."

"आणि फोन लागला नाही तर?"

ती माझ्याकडे बघायला लागली. बाबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुझी चूक नाही. तुमच्या कंपनीला तेवढं कळव, एक चाक द्यायचं राहून गेलंय." आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी त्या मुलीला सांगितलं नाही, आणि बाबांनाही नाही, की त्या कंपनीत डिकीत काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवणाऱ्या टेबलाशी कोण बसतं. आपल्या घरात तुझ्या कंपनीचा विषय निघत नाही, कारण तुझाच निघत नाही. बाबा 'तो' म्हणतात, तेही आत्याजवळ, आणि तेही मी खोलीत नाही असं समजून.

मला ती गाडी हवी आहे. हलकी वळते, काचा मोठ्या आहेत, शिकणाऱ्याला पुढचं टोक दिसतं. पण खरं कारण हे की ती तू केली आहेस. बाबांनी तुझ्या हातच्या वस्तूत एकदा बसावं असं मला वाटतं. ते आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात आणि खिडकीतून काहीतरी बघायचं होतं असं दाखवतात. तुम्ही दोघं असेच न बोलता राहिलात आणि एक दिवस बोलायला कोणी उरलं नाही, तर मी काय करू, ते मला सांग.

ते नसेल सांगायचं तर निदान हे सांग, स्टेपनी का काढलीत? बाबांना समजावता येईल असं लिही.

तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

पत्राला ईमेल, आणि त्यातही मुद्द्यांना आकडे. तुझ्याकडून दुसरं काय येणार! पण उत्तर आलं, यानेच मी दोन दिवस हवेत होते.

तुझे मुद्दे बाबांना मी माझे म्हणून सांगितले. चाकाचं आणि जॅकचं वजन घेऊन गाडी जन्मभर फिरते आणि तेवढं इंधन जाळते. बहुतेकांना स्टेपनी एकदाही लागत नाही. ज्यांना लागते त्यांची स्टेपनी ऐन वेळी बसलेली निघते, कारण तिच्यात कोणी हवाच भरलेली नसते. यावर बाबा म्हणाले, "खरंय. पण मग माणसांना हवा भरायला शिकवायचं, की चाकच काढून घ्यायचं?"

शेवटचा मुद्दा मात्र मी सांगितला नाही. तू लिहिलंस, 'वाहत्या रस्त्याच्या कडेला कोणालाही गाडीतून उतरून बसावं लागू नये.' बाकीचे चार मुद्दे तुझ्या कंपनीचे वाटले. हा एवढाच तुझा वाटला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

तुला आठवतं, आपल्याकडे पाचही चाकं फिरायची? महिन्यातला पहिला रविवार. जगातले लोक चार चाकं पळवतात आणि पाचवं डिकीत म्हातारं करतात, हे बाबांना मान्य नव्हतं. नुसतं बसून रबर तडकतं, म्हणायचे. म्हणून दर महिन्याला एक चाक डिकीत जायचं आणि डिकीतलं रस्त्यावर यायचं. कुठलं कुठे होतं हे लक्षात राहावं म्हणून रिमवर रंगाचे ठिपके. तुझा निळा, माझा पिवळा, आईचा हिरवा, आत्याचा लाल. बाबांनी स्वतःला काळा घेतला आणि तो काळ्या रिमवर कधी कोणाला दिसला नाही. आत्या म्हणायची, "याचं चाक म्हणजे भूत आहे. काम करतं, पण दिसत नाही."

आणि तो नियम कोणी काढला होता, तू की मी? ज्याचं चाक डिकीत, त्याला महिनाभर घरात सुट्टी. भांडी नाही, झाडू नाही, पाणी भरणं नाही. 'मी डिकीत आहे' एवढं म्हटलं की कोणी काम सांगायचं नाही. तू एकदा गणिताच्या बाईंना गृहपाठाबद्दल हेच उत्तर दिलंस आणि त्यांनी बाबांना शाळेत बोलावलं. बाबा परत आले तेव्हा आम्हाला वाटलं आता तुझं काही खरं नाही. ते टेकले, पाणी प्यायले आणि हसत सुटले. बाईंना समजावता समजावता त्यांनी त्यांना गाडी शिकायला राजी करून टाकलं होतं.

आईचं चाक डिकीत गेलं की मात्र नियमाची पंचाईत व्हायची. आपण तिला ओट्यापासून ओढून खुर्चीवर बसवायचो. ती खुर्चीवर बसून कुठला डबा कुठे आहे ते सांगत राहायची, मग आपण दूध उतू घालवायचो आणि ती उठायची. "तुमच्या डिकीत झोप येत नाही मला," म्हणायची. अख्ख्या महिन्याची सुट्टी तिने एकदाही पुरी केली नाही.

हे सगळं तुझ्या मुद्द्यांचं उत्तर नाही, मला माहीत आहे. वजन ते वजन. पण तुझ्या यादीत वजनाच्या खाली आणखी काही होतं का, एवढंच विचारते.

गाडीचा निर्णय अडून आहे. मी भाड्याच्या गाडीवर शिकवते. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला चाक बदलायला लावायची बाबांची पद्धत अजून मोडलेली नाही. आधी नट ढिले, मग जॅक. अजूनही प्रत्येक जण उलटंच करतो.

धाकटी


६ मार्च

दादा,

आत्याने घोळ घातला. घोळ म्हणावा की उपकार, तू ठरव.

दुपारी चहा घेत होतो. बाबा परत त्याच गाडीवर आले. गाडी चांगली आहे, पण ज्याने स्टेपनी काढली त्याने आयुष्यात कधी चाक बदललेलं नसणार, असं काहीतरी. मी कपाकडे बघत होते. आत्याने बिस्कीट बुडवलं आणि म्हणाली, "बदललंय की. तूच शिकवलंस त्याला. जॅक त्याच्या गुडघ्यापेक्षा जड होता तेव्हा."

मी टेबलाखालून पाय मारला. तो बाबांना लागला.

"पोरानेच काढलीय ती स्टेपनी," आत्या म्हणाली. "दोघं मिळून म्हाताऱ्यापासून लपवताय, आणि म्हातारीला मात्र सगळं माहीत आहे. पत्रं टपालात मीच तर टाकते."

बाबा चहा तसाच ठेवून उठले. मला वाटलं, संपलं. पण ते आतून भिंग घेऊन आले आणि म्हणाले, "त्या गाडीचं माहितीपत्रक दे."

ते घेऊन ते खिडकीशी बसले. गुळगुळीत कागदावर भिंग फिरवत, एकेका चित्रावर थांबत. तुझं दहावीचं प्रगतिपुस्तकही त्यांनी इतक्या हळू वाचलं नव्हतं. मग मला विचारलं, "का काढली म्हणतो तो?"

'तो' म्हणाले, दादा. माझ्यासमोर.

मी चार मुद्दे परत सांगितले आणि या वेळी पाचवाही सांगितला. रस्त्याच्या कडेला कोणाला उतरून बसावं लागू नये. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि काचेला लागलेला चहाचा डाग शर्टाने पुसत बसले. डाग केव्हाच गेला होता.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, चल. शोरूमला गेलो. तीच मुलगी. बाबांना बघून तिचा चेहरा पडला, पण त्यांनी तिला कंपनीला कळवलं का वगैरे काही विचारलं नाही. डिकी उघडायला लावली, वाकले आणि तो राखाडी गालिचा एका कोपऱ्यातून उचलला. खाली पुठ्ठ्यासारखी जाड फळी होती, तीही उचलली. "सर, ते काढायचं नसतं," ती म्हणाली. फळीखाली फोमचा गोल तबकासारखा तुकडा. बाबांनी तोही काढून तिच्या हातात दिला.

खाली गोल खड्डा होता. पत्र्यात नीट दाबलेला, खोल, मधोमध बोल्टसाठी भोक. चाकाच्या मापाचा.

बाबांनी त्याच्या कडेवरून हात फिरवला. पूर्ण गोल, सावकाश. एक बोट मधल्या भोकात घालून बघितलं. मग मला म्हणाले, "चाक काढलंय. जागा नाही काढली."

ती मुलगी समजावायला लागली की इथे लहानसहान सामान ठेवता येतं, छत्री वगैरे. बाबा म्हणाले, "हो, छत्रीही राहील." आणि सही कुठे करायची ते विचारलं.

दादा, खरं सांग. ती जागा तू ठेवून घेतलीस ना? कोणीतरी बुजवा म्हणालं असणार. सपाट केली असती तर आणखी दोन बॅगा मावल्या असत्या, हे मलासुद्धा कळतं. तुझ्या आकडे घातलेल्या मुद्द्यांत तिचा उल्लेखही नाही.

धाकटी


२१ मार्च

दादा,

तू लिहिलंस, 'जागेसाठी थोडं भांडावं लागलं.' एवढंच. त्या ओळीवर मी आणि आत्याने एक अख्खी दुपार काढली. आत्या म्हणते, 'थोडं' याचा अर्थ खूप. तुला लहानपणापासून ओळखते ती.

आता मला जे लिहायचं आहे ते या ओळीमुळेच जमेल असं वाटतं.

शोरूममधून आम्ही रिक्षाने परत येत होतो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बाबा म्हणाले, "त्या दिवशी ती व्हॅन थांबली होती. मी ती तशी जाऊ द्यायला नको होती का?"

तू गेल्यापासून त्या दिवसाबद्दल आपल्या घरात हा पहिला शब्द. आपलं घर आलं तरी मी रिक्षा थांबवायला सांगितली नाही. रिक्षावाल्याला वाटलं आम्ही पत्ता चुकलो.

तुला जे आठवतं ते मला माहीत आहे. आईचा अर्धा चेहरा लुळा पडला होता, हात उचलत नव्हता. बाबा गाडी चालवत होते, तू पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर तिचं डोकं. वळणावर टायर फाटला. तू रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवत होतास आणि एक व्हॅन थांबली. मागे क्रेट भरलेले होते, तरी तो माणूस म्हणत होता, बसवा, काढतो जागा. आणि बाबा जॅकवर वाकून म्हणत होते, "नट सुटलेत, झालंच. तिला हलवू नका." व्हॅन गेली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तू म्हणालास, "बसा तुमची स्टेपनी घेऊन." आईची वाचा गेली ती परत आली नाही. त्यानंतरचं दीड वर्ष ती डोळ्यांनी बोलली. तू येत होतास, तिच्या पलंगाशी बसत होतास, बाबा खोलीत आले की उठत होतास. आणि ती गेल्यावर तू येणंच थांबवलंस.

कोण बरोबर होतं, मला माहीत नाही. व्हॅनने ती लवकर पोचली असती हे खरं. क्रेटच्या मध्ये आडवी ठेवून तिचं काय झालं असतं, हे कोणाला सांगता येईल? डॉक्टरांना मी कधी विचारलं नाही. तुझी बाटलीही त्या दिवशी उपयोगी पडली नसती, टायर बाजूने फाटला होता. हे टोचायला लिहीत नाही. त्या दिवशी कुठलीच गोष्ट पुरी पडणारी नव्हती, एवढंच म्हणते.

पण तू रस्त्यावर होतास आणि बाबा चाकाशी, तेव्हा गाडीत काय झालं ते फक्त मला माहीत आहे. घरात तो दिवसच कोणी काढत नव्हतं, तर हे कुठे काढणार?

आई शुद्धीत होती. गाडी वर उचलली गेली तशी तिने विचारलं, "काय झालं?" जीभ जड होती, पण कळत होतं. मी म्हटलं, "चाक बदलतायत." ती थोडा वेळ वरच्या छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डिकीत कोण होतं?"

मला आधी समजलंच नाही. तेवढ्यात बाबा स्टेपनी घरंगळवत खिडकीवरून घेऊन गेले आणि मला ठिपका दिसला. मी म्हटलं, "हिरवा."

दादा, ती हसली. अर्ध्याच तोंडाने, पण हसली. म्हणाली, "बघ. सुट्टीवर होते, तरी बोलावलंच."

मग तिने तुझं विचारलं. "तो कुठेय?" मी म्हटलं, रस्त्यावर, गाड्या थांबवतोय. ती म्हणाली, "त्याला म्हणावं कडेला हो. गाड्या जोरात येतात." मी काच खाली करून ओरडले होते, "दादा, कडेला हो!" तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तुला वाटलं असेल मी घाबरून ओरडतेय. ते माझं वाक्य नव्हतं. तिचं होतं.

त्यानंतर गाडी खाली आली, बाबा धावत येऊन बसले आणि आपण निघालो. वाटेत तिचे डोळे मिटले. ती बोलली ते तेवढंच शेवटचं.

तू त्या मिनिटांचा हिशेब वाया गेलेली म्हणून करतोस, आणि कदाचित ती तशी असतीलही. पण आईचा आवाज माझ्याकडे शेवटचा आहे तो त्याच मिनिटांतला. मी ती टाकून देऊ शकत नाही. आता तुझ्याकडेही ती असू देत.

काल हे सगळं बाबांनाही सांगितलं. त्यांना ठिपका दिसला होता. "हातात घेतलं तेव्हाच दिसला," म्हणाले.

तुझी,
धाकटी


४ एप्रिल

दादा,

तू फोन केलास तेव्हा तुला नुसता आवाज आला असेल. इकडे काय चाललं होतं ते सांगते.

गाडी सकाळीच आली होती. बाबांनी आदल्या दिवशीच टायरवाल्याकडून तिच्या मापाचं चाक आणून ठेवलं होतं, आणि पायरीवर रंगांच्या डब्या मांडून बसले होते. स्कूलचा फोन वाजला. आत्याने उचलला, "ड्रायव्हिंग स्कूल" म्हणाली, आणि मग फोन कानापासून लांब धरून उभी राहिली. तिने नाव घेतलं नाही. नुसती बाबांकडे बघत राहिली. बाबा पायरीवरून उठले. या वेळी मध्ये कुठे थांबले नाहीत.

त्यांनी फोन घेतला आणि दोन्ही हातांनी कानाशी धरला. आत्या माझ्या दंडाला चिमटे काढत होती. शेवटी बाबांनी घसा साफ केला आणि विचारलं, "या गाडीच्या स्टेपनीत हवा किती ठेवू रे?"

तू काय उत्तर दिलंस ते आम्हाला ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "बरं, बरं." मग, "जेवलास का?" आणि ठेवला.

आत्या म्हणाली, "एवढ्या वर्षांनी फोन आला, आणि हवा विचारलीस?"

बाबा म्हणाले, "रोजच्या चाकांपेक्षा थोडी जास्त ठेवा म्हणाला. नुसती बसून असते, उतरते म्हणून." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "बरोबर सांगितलं."

दादा, हे त्यांनीच तुला शिकवलं होतं. त्यांनी पंपाची नळी धरली होती आणि तू काटा वाचत होतास. मी पायरीवर बसून होते, त्या महिन्यात मी डिकीत होते.

मग आम्ही ठिपके दिले. लाल मागे, आत्याने स्वतः दिला आणि नखावरही लावून घेतला. पिवळा तिच्या शेजारी. काळा पुढे, आणि याही वेळी तो कोणाला दिसत नाही. निळा बाबांनी दिला, पुढे, कडेच्या बाजूला. थोडा ओघळला. मी पुसायला गेले तर म्हणाले, राहू दे.

डिकीतल्या चाकाला हिरवा दिला. खड्ड्यात ते असं बसलं की वरून हाताने थोपटलं तरी हललं नाही. बाबांनी मधला बोल्ट आवळला, फळी ठेवली, गालिचा पसरला. मी विचारलं, "मग मे महिन्यात कोणतं पुढे घ्यायचं?"

"बाकीची चार आपापसात फिरवा," ते म्हणाले. "हे नाही फिरवायचं."

"आणि रबर तडकलं तर?"

"तडकू दे. तिला आता कोणी उठवायचं नाही."

आत्या वाकून डिकीत म्हणाली, "वहिनी, झोप आता." आणि डिकी इतक्या हळू लावली की ती लागलीच नाही, परत लावावी लागली.

उद्यापासून शिकवणी सुरू. पहिल्या तुकडीत तिघं आहेत आणि तिघंही वळताना फुटपाथला चाक घासणार, हे आत्ताच सांगते. पुढचं, कडेचं चाक सगळ्यात आधी झिजतं, तुला माहीत आहे. ते तुझं आहे. बाबांचे गुडघे आता जॅकपाशी बसत नाहीत आणि माझ्याच्याने नट हलत नाहीत.

मेच्या पहिल्या रविवारी सकाळी लवकर सुरू करू. ऊन चढायच्या आत.

धाकटी